बंबात गेलेली वही

कागदावरून सरकणाऱ्या बोरूची बारीक कुरकुर आणि तिच्या मागोमाग काचेच्या बांगडीची किणकिण: माझी थोरली बहीण इंदूअक्का घरात आहे हे मला डोळे न उघडताही कळे. पौषातलं कोवळं ऊन खिडकीतून तिच्या वहीवर उतरायचं आणि तिचा हात उजवीकडून डावीकडे भरभर धावत राहायचा. सोळा वर्षांची होती. वेणीचं टोक दातात, बोटांना शाई. ती शांत मात्र कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण दरवर्षी तिच्या तिथीला आमचे काका पाहुण्यांना सांगत की पोर इतकी शालीन, घरात आवाज म्हणून कधी आला नाही. धादांत खोटं. ती हसायला लागली की समोरच्या गल्लीतल्या बानूखाला खिडकी उघडून काय झालं विचारायच्या.

अक्काचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत झालेलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर शाळा मराठी झाली, तेव्हा ती बाळबोध अक्षरं नव्यानं गिरवायला लागली. पण बोलण्याच्या वेगानं लिहायचं म्हटलं की हात आपोआप जुन्या वळणावर जाई. त्या वहीत भाषा आमची, घरातली मराठी, आणि लिपी उर्दू होती. कोण काय बोललं ते ती जसंच्या तसं टिपून ठेवायची. फुलंब्रीहून आलेल्या मामाचं खाकरत खाकरत बोलणं, भाजीवालीची घासाघीस, आईचं पुटपुटणं आणि काकांचा जेवतानाचा उपदेश. दुपारी उन्हात पाय पसरून ती ते ज्याच्या त्याच्या आवाजात वाचून दाखवी आणि आई पदर तोंडात कोंबून हसे. वडील गेल्यापासून आई हसायची ती तेवढीच.

काकांविषयी मला बरं लिहिता येणार नाही, मी प्रयत्नही करत नाही. वीस वर्षं त्यांनी निजामाच्या कचेरीत उर्दूत टिपणं लिहिली, साहेबांना झुकून सलाम केले. राज्य बदललं तसे काका एका रात्रीत इतके कडवे झाले की भिंतीवरचं जुनं उर्दू कॅलेंडरसुद्धा त्यांना खुपायला लागलं. चौकशी होईल, कुणी बोट दाखवील, ही धास्ती होती. पण भित्रेपणाला ते देशभक्ती म्हणायचे, याची मला आजही चीड येते.

पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात अक्काला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ती खिडकीखाली पडून होती. ऊन तिच्या अंगावर यायचं आणि निघून जायचं. शेवटी शेवटी तिची बोटं पांघरुणावर काहीतरी लिहीत होती, उजवीकडून डावीकडे. मग तीही थांबली.

महिना झाला असेल. एका संध्याकाळी काकांनी फर्मान काढलं की घरातला त्या लिपीतला कागद न् कागद गोळा करा. मी अकरा वर्षांची होते, आणि ते मला शहाणी म्हणाले. तेवढ्या एका शब्दासाठी मी अक्काची ट्रंक उघडली, पोलक्यांच्या खालून वही काढली आणि त्यांच्या हातात नेऊन दिली. ते कुणी माझ्याकडून करवून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच, आई उठून बसली. मला म्हणाली, वही आण, बानूकडून वाचून घेऊ. बानूखाला कालच तयार झाल्या होत्या म्हणे. मी परसात धावले. नहरीच्या, म्हणजे जुन्या कालव्याच्या पाण्यानं भरलेला तांब्याचा बंब धुमसत होता, खालच्या राखेत पुठ्ठ्याचा एक कोपरा अजून लाल होता, आणि काका न्हाऊन पंचानं अंग पुसत उभे होते. माझ्यामागून आई भिंत धरत आली. तिला सगळं दिसलं.

"उर्दूच तर होती, वहिनी," काका म्हणाले. "उगाच घरात कशाला?"

आईनं राखेकडं बघितलं. "अक्षरं उर्दू व्हती, भावजी. बोलणं माझ्या लेकीचं व्हतं."

काकांना उर्दू येत होती. वही उघडून एक ओळ जरी वाचली असती तरी त्यांना मराठी दिसली असती, कदाचित तिथं ते स्वतःलाच भेटले असते. त्यांनी उघडली नाही. आई पुढं सत्तावीस वर्षं जगली, पण त्यांच्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. माझ्याशी बोलायची, ते जास्त जड जायचं.

काकांनी आदळआपट केली तरी त्याच उन्हाळ्यात मी बानूखालांकडं ती लिपी शिकायला बसले. आता शहागंजातल्या जुन्या पाट्या मला वाचता येतात, कबरींवरची नावं वाचता येतात, लोक जमिनीचे कागद घेऊन येतात तेही वाचून देते. म्हातारी झाले आणि अक्का सोळाचीच राहिली. माणूस गेल्यावर त्याचं बोलणं घरात थोडे दिवस तरी रेंगाळतं. माझ्या बहिणीचं बंबातल्या ऊन पाण्याबरोबर काकांच्या अंगावरून वाहत मोरीतून गेलं, आणि मी वाचायला शिकले ती त्यानंतर.