कलमाखालचा फुटवा

बायको गेल्यावर शिंपीकाकांनी तिचा गुलाब जिवापाड सांभाळला. उन्हं तापू लागली तसं रोज सकाळी पाणी घातलं, बुडाशी वाळक्या पानांचा थर दिला. उभा जन्म कापड कापण्यात गेला, पण तिच्या झाडाला कात्री लावायला हात धजेना. झाड नुसतं फोफावलं. फुलाचा मात्र पत्ता नाही.

मेहुणी आली आणि तिने वाकून बुंधा पाहिला.

“भावोजी, हा कलमाखालून आलेला रानटी फुटवा. ताई दर उन्हाळ्यात कापून टाकायची. तिचा गुलाब यानेच मारला.”



“मला झाडाला हात लावू देत नव्हती, ते काय उगाच!” काका म्हणाले.

मग झारी उचलून त्यांनी त्या फुटव्यालाच पाणी घातलं.