‘उरलेल्या मेंढ्या’ हाउसफुल

पाट्या

पिक्चरच्या आधी पाट्या येतात तशा इथेही येऊन जाऊ देत, म्हणजे मध्येच कुणी शेजाऱ्याला कोपर मारून ‘हा कोण?’ असं विचारायला नको.

ताई थिएटर चालवते. एकच पडदा, उतरती जमीन, लाल खुर्च्या. त्यातल्या काही खुर्च्या बसताना कण्हतात. तिकीट खिडकीत ती स्वतःच बसते. धाकटा तिचा भाऊ, त्याचं गाद्यांचं दुकान आहे, आणि थिएटर निम्मं त्याच्या नावावर. बॅटरीमामा दारावर असतात, उशिरा आलेल्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवतात आणि नात्याने कुणाचेच मामा नाहीत. समोरची पार्लरवाली ताईची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या कात्रीला धार आहे, जिभेला हाड नाही. गणिताचे सर आणि दातांचे डॉक्टर हे नेहमीचे प्रेक्षक.

शिवाय एक मेंढी आहे. ती शेवटी येते.

आता सुरू

“ताई, काल दुपारच्या खेळाला किती माणसं होती?”

“होती.”

“होती म्हणजे?”

“बॅटरीमामा धरून होती.”

धाकट्याने तिकीट खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकली. पाठ दुखत असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा मऊ आवाज काढला. “हे बघ. ही जागा गाद्यांसाठी दे. छप्पर उंच आहे, एसी आहे, रस्त्याला लागून आहे. लोक येतील, गादीवर पडून बघतील, घेऊन जातील.”

“इथे आत्ताही पडूनच बघतात.”

“फुकट पडतात. तोच तर फरक आहे.”

ताईने काच पुसायला घेतली. तिला राग आला की ती काच पुसते, आणि त्या खिडकीची काच गेली काही वर्षं फारच चकचकीत होती.

“एक संधी दे,” ती म्हणाली.

“दिली. पुढच्या शनिवारी दुपारचा खेळ हाउसफुल करून दाखव. झाला, तर वर्षभर मी गादीचं नाव काढणार नाही. नाही झाला, तर कागदावर सही. तुझी शपथ.”

“माझी कशाला? स्वतःची घे.”

“बरं, माझी.”

चूक

आता ताईने काय करायला हवं होतं? डोळे मिटून एखादा धांगडधिंग्याचा पिक्चर लावायचा. पण तिला वाटलं, लोकांनाच विचारावं. जे बघायचंय ते लावलं तर लोक येणारच, नाही का?

विचार चांगला होता. विचारायची पद्धत चुकली. रविवारी मुलांच्या एका कार्टूनला बरी रांग लागली होती. ताईने खिडकीतून मान बाहेर काढून, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्याला विचारलं, “शनिवारी जुना कुठला पिक्चर लावू? तुम्हाला परत बघावासा वाटणारा?”

आणि पहिले होते नातवाला घेऊन आलेले गणिताचे सर.

सरांनी चष्मा वर सारला. मागे त्यांचे निदान पाच माजी विद्यार्थी उभे होते. सर म्हणाले, “‘उरलेल्या मेंढ्या’.”

झालं! आता त्यांच्यामागचा माणूस ‘मामा बादलीत’सारख्या हसवणाऱ्या पिक्चरचं नाव घेईल? मनात तेच होतं बिचाऱ्याच्या, पण तो म्हणाला, “हो हो, ‘मेंढ्या’च.” त्याच्यामागे दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, “त्याला तोड नाही.” पुढची बाई तर डोळे मिटून “अहाहा” एवढंच म्हणाली. मत असं रांगेतून मागे मागे सरकत गेलं, आणि शेवटी शेंबूड पुसत एक पोरगंही म्हणालं, “मेंढ्या.”

ताईने त्याच संध्याकाळी पोस्टर लावलं.

मेंढ्यांविषयी थोडक्यात (पिक्चर थोडक्यात नाही)

पूर येतो. गाव उठून जातं. एक म्हातारा मेंढपाळ कळप घेऊन नदीच्या काठाकाठाने निघतो. तो चालतो. मेंढ्या चालतात. गाणं नाही. म्हातारा बोलत नाही. बोलेल असं वाटतं तेव्हा खोकतो. मेंढ्या एकेक करत कमी होतात. मध्ये तो एका मेंढीची लोकर कातरतो आणि आपण ती सगळी लोकर कातरून होईपर्यंत बघतो. मग म्हातारा एका दगडाला टेकून बसतो, तो उठत नाही. एकच मेंढी उरते. ती पाण्यात पाय घालते, थांबते, मान वळवते आणि आपल्याकडे बघते.

बघतच राहते. संपला.

ज्यांनी हा पिक्चर पाहिला त्यांना तो कायम आठवतो. जाहीर विचारलं तर थोर म्हणतात. आणि परत बघायचा म्हटलं की त्यांना नेमकं दुसरं काम निघतं. प्रत्येक घराण्यात असे एखादे काका असतात. सगळे त्यांना मान देतात, ते आले की उभे राहतात, आणि जेवायला त्यांच्या शेजारी बसायचं नाही म्हणून पोरं आधीच जागा धरून ठेवतात.

नुसते आवाज

सोमवार ते बुधवार. ताई, फोन आणि खिडकी.

“शनिवारी ना? अगं, नेमकी शनिवारी माझी दाढ...”

“डॉक्टर, दाढा तुम्ही काढता. तुमची कोण काढणार?”

“तेच तर बघावं लागेल.”

“सर, तुमच्यासाठी मधली खुर्ची ठेवलीय.”

“असं आहे बघ, अशी कलाकृती एकदाच बघावी. परत बघितली की तिचा अपमान होतो.”

“मागच्या महिन्यात तुम्ही भुताचा पिक्चर तीनदा बघितलात.”

“त्याचा अपमान झाला तर झाला.”

“हॅलो, ताई? चार तिकिटं हवी होती. किती वाजता संपतो? काय? ... बरं, कळवते.”

तिने कळवलं नाही.

कात्रीखाली

गुरुवारी सकाळी ताई पार्लरवालीच्या खुर्चीत जाऊन बसली. केस वाढले नव्हते, पण एखाद्याने डोक्यावरून हात फिरवावा असं तिला वाटत होतं, आणि ते मागायची सोय जगात फक्त पार्लरमध्येच आहे.

“किती गेली तिकिटं?” पार्लरवालीने मानेभोवती कापड बांधत विचारलं.

“एका हाताची बोटं उरतात.”

“मग बदल की पिक्चर. ‘मामा बादलीत’ लाव. हसून हसून मरतील.”

“लावला होता. मागे. कोणी फिरकलं नाही. लोक म्हणतात, तो घरी जेवता जेवता बघतो, फोनवर. भात संपला की बंद करतो.”

कात्री थोडा वेळ चालली.

“एक विचारू?” पार्लरवाली म्हणाली. “मान हलवू नकोस. तुला आवडतो तो मेंढ्यांचा पिक्चर?”

ताईच्या वडिलांना आवडायचा. ते दरवर्षी एकदा लावायचे, आणि ‘पिक्चर म्हणजे हा’ असं म्हणून दोन्ही पोरांना पुढच्या रांगेत बसवायचे. तेव्हापासून इतकी वर्षं तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिने आरशात बघितलं. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं राहिलेलं. अशा अवस्थेत खोटं बोलणं अवघड असतं.

“नाही,” ती म्हणाली. “अजिबात नाही. लोकर कातरायला लागला की मला ओरडावंसं वाटतं. पण कधीतरी बटाटे सोलत असते ना, आणि ती मेंढी आठवते. मग सुरी तशीच राहते हातात.”

“माझंही तेच! मी घरी लावून बघितला होता गं, एकटीने. दहाव्या मिनिटाला उठून कपाट आवरायला घेतलं. एकटीला झेपत नाही तो.”

“काय म्हणालीस?”

“कपाट आवरलं.”

“त्याच्यानंतर.”

“एकटीला झेपत नाही.”

ताई उठली. कापड मानेलाच.

“अगं, डावी बाजू राहिली!”

“राहू दे!”

फळा

थिएटरच्या दारात खेळाच्या वेळा लिहायचा काळा फळा आहे. त्यावर ताईने खडूने जे लिहिलं ते असं:

*शनिवारी दुपारी ‘उरलेल्या मेंढ्या’.*
*पिक्चर थोर आहे. आम्हाला आवडत नाही.*
*तुम्हालाही आवडलाच पाहिजे असं नाही.*
*एकट्याने बघवत नाही, म्हणून सगळे मिळून बघू.*
*घोरणाऱ्याला उठवणार नाही. कंटाळा आला तर बाहेर चहा आहे.*
*मेंढी बघायची वेळ झाली की आत बोलावू.*

बॅटरीमामांनी दोनदा वाचलं. “ताई, स्वतःच्या दुकानावर कोणी ‘माल वाईट आहे’ असं लिहितं का?”

“वाईट कुठे लिहिलंय?”

“‘आवडत नाही’ लिहिलंय.”

“ते वेगळं.”

मामा विचारात पडले. आयुष्यभर अंधारात उभं राहून त्यांनी हा पिक्चर सगळ्यांपेक्षा जास्त वेळा पाहिला होता. जरा वेळाने ते हळूच म्हणाले, “मग मीसुद्धा सांगू का कुणाला? की मला पण नाही आवडत?”

“सांगा की.”

मामा जे सांगत सुटले, ते शुक्रवारी दुपारपर्यंत थांबलेच नाहीत. फळ्यापुढे लोक उभे राहायचे, हसायचे, आणि हळूहळू एकमेकांकडे बघायचे. तुलाही? मलाही! मला वाटलं मीच एकटा ढ! डॉक्टरांची दाढ आपोआप बरी झाली. सरांनी खिडकीशी येऊन घसा खाकरला. “मधली खुर्ची नको. दाराजवळची दे.” चार तिकिटांवाल्या बाईला आता सात हवी होती.

खेळ

शनिवारी धाकटा आला तेव्हा ताईने त्याला खिडकीतून हात जोडून दाखवले. खांबाआडची खुर्चीसुद्धा गेली होती. ती खुर्ची वडील असतानाही कधी जायची नाही.

“मी कुठे बसू?”

“मामा, यांना स्टूल द्या.”

धाकट्याने आत जाऊन रांगा बघितल्या. पुन्हा बघितल्या. मग स्टुलावर बसला.

पूर आला. गाव उठलं. म्हातारा चालायला लागला, आणि पहिलं घोरणं ऐकू आलं. ते दातांच्या डॉक्टरांचं. जन्मभर दुसऱ्यांना ‘आ करा’ म्हणणारा माणूस स्वतः आ करून झोपला होता. कोणी हसलं, कोणी ‘शू’ केलं, मग ‘शू’ करणाऱ्यालाही हसू फुटलं. लोकर कातरायला सुरुवात झाली तशी माणसं पाठ वाकवून, गुडघे चुकवत बाहेर पडू लागली, आणि बाहेर चहाच्या पातेल्याभोवती हीऽऽ गर्दी.

एरवी या जागेत लोक बाहेर पडले की फोन काढतात. आज ते बोलत होते.

“अजून कातरतोय का?”

“उजवी बाजू झाली.”

सर बशीत फुंकर मारत म्हणाले, “खरं सांगू? मला त्या कलाकृतीचं काही कळलेलं नाही. पण पुलाआधी मेंढ्या मोजल्या आणि पुलानंतर मोजल्या, तर एक जास्त भरते. जास्त! कितीतरी वर्षं ते डोक्यातून जात नाही.”

“म्हणून तुम्ही त्या दिवशी नाव घेतलंत?”

“आणि कशासाठी घेणार?”

ताई तिकीट खिडकी बंद करून बाहेर आली होती, डोक्याची एक बाजू आखूड, एक लांब. पार्लरवालीने तिला तिथेच एका खुर्चीत दाबून बसवलं आणि पर्समधून कात्री काढली. डावी बाजू निम्मी झाली असेल-नसेल, तेवढ्यात दार धाडकन उघडलं, आणि बॅटरीमामा जन्मात कधी ओरडले नव्हते तेवढ्याने ओरडले, “मेंढी! मेंढी आली!”

मग काय विचारता. कप जिथल्या तिथे. चहा सांडला, चपला तुडवल्या, सरांनी नातवाचा हात समजून भलत्याच पोराचा हात धरला. सगळे आत घुसले. खुर्ची मिळाली तिथे, नाही मिळाली तिथे भिंतीला टेकून. कुणीतरी डॉक्टरांना हलवलं.

मेंढीने पाण्यात पाय घातला.

थांबली.

मान वळवली.

.

कण्हणाऱ्या खुर्च्यासुद्धा कण्हल्या नाहीत.

.

दिवे लागल्यावर लोक लगेच उठले नाहीत. मग एकदम सगळे उठले आणि एकदम बोलायला लागले. “छळ आहे हा!” असं म्हणत डॉक्टर डोळे पुसत बाहेर गेले, आणि ते झोपेने चुरचुरत होते की कशाने, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

उरलेले

हॉल रिकामा झाला. धाकटा स्टुलावरून उठून पुढच्या रांगेत जाऊन बसला होता. ताई त्याच्या शेजारी बसली.

“शब्द दिलाय,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “वर्षभर गादी नाही.”

“मी विचारलं नव्हतं.”

“तू काच पुसली असतीस. काय भयंकर पिक्चर आहे गं. लहानपणी वाटायचं, मोठेपणी कळेल.”

“मलाही तेच वाटायचं.”

“कळला?”

“नाही.”

“पण ती पलीकडे गेली असणार,” धाकटा म्हणाला. “पाय घातला होता ना पाण्यात.”

“वेडा आहेस का? मान कशाला वळवेल मग? ती परत म्हाताऱ्याकडे गेली.”

“म्हातारा मेला होता, ताई!”

“मेंढीला काय माहीत?”

“तिला सगळं माहीत होतं! बघितलं नाहीस का कशी बघत होती?”

“तू स्टुलावर होतास, तुला तिरकं दिसलं असेल.”

“तिरकं?” धाकटा उभाच राहिला. “मामा! ओ मामा! शेवट परत लावायला सांगा जरा!”

बॅटरीमामांनी दारातून दोघांच्या तोंडावर बॅटरी मारली. “लोकर कातरतो तिथून लावू?”

“नाही!” बहीण-भाऊ एका सुरात ओरडले.