अंगावरचं लेकरू

काडीमोडीच्या दिवशी सकाळपासून माजा पाय एका जागी ठरंना. बैलगाडीत बसले, तर अर्ध्या कोसावर उतरले. पायी चालले, तर पुन्यांदा चढले. पोरगा धर्मराज कावला, "आई, गाडीत बस न्हाईतर घरी जा!" म्या म्हनलं, "तू गाडी हाक गुमान. तुज्यापायीच ही येळ आली."

आता कुनापायी आली ते सांगते. मी सुंदरबाई, सुईन. शिरूरच्या आसपासच्या गावांतली निम्मी लेकरं माज्या हातावर जन्मलीत. मानमोडीच्या तापानं एका आठवड्यात माजा मालक नेला आन लगीन ठरलेली लेक नेली. घरात ऱ्हायलो मी, धर्मराज, सून सत्यभामा आन तिची दीड वर्साची गिती. गितीची नाळ म्याच कापलेली. तापानंतर त्या पोरीला छातीशी धरलं तरच मला झोप लागायची. आन या आमच्या दिवट्यानं काय करावं? दुसरी बाई आनून घरात बसवली. मी लई भांडले, डोकं आपटलं, पर ऐकंल तर शपथ. सत्यभामानं गितीला काखेला मारलं आन माहेरची वाट धरली. वर्सानं तिच्या बापाचा, रामकिसनचा, निरोप आला. पंच बसवा, काडी मोडा, माज्या लेकीला मोकळी करा.

तवा सरकारचा कारभार उर्दूत. फारकतीला कचेरीत गेलं तर उर्दूतला कागद, तो लिहायला मुन्शी, आन तारखांवर तारखा. आमच्यात ज्वारीची एक काडी बास व्हती. नवऱ्यानं पंचांसमोर कटकन मोडली की बाई सुटली, दुसरं घर करायला मोकळी झाली. लेकरू मातर बापाचं. तेवढं अंगावर पितं असलं तर आईजवळ ऱ्हायचं, दूध सुटंपत्तुर.

धर्मराजला गितीचं सोयरसुतक नव्हतं. पोरगी मला पायजे व्हती. त्याच्या कानी लागून म्याच बोलायला लावलं त्याला, "लेकरू सोडायचं न्हाई बघ." खोटं कशाला सांगू?

सत्यभामाच्या माहेरी पारावर पंच बसले. म्होरं मुंजाजी पाटील. सत्यभामा बाजूला उभी, पदर कपाळावर, काखेत गिती. पोरीनं मला वळखलं न्हाई.

मुंजाजीनं लेकराचं इचारलं तशी सत्यभामा म्हनली, "अंगावर पिती."

धर्मराज हसला. "तिसरं लागलं तिला. एवढं घोडं पितंय व्हय?"

बापय मानसं एकमेकांच्या तोंडाकडं बघाया लागली. मुंजाजी खाकरला आन म्हनला, "सुंदरबाई, तुमीच आत जाऊन बघून या. तुमी नवऱ्याची आई हायसा, ते ठावं हाय. पर तुमच्या शब्दावर आमी आजवर शंका घेतली न्हाई. रामकिसन, तुला चालंल का?"

रामकिसननं हात जोडले. "सुंदरबाई म्हनतील ते मला कबूल."

रामकिसनचं घर पाराला लागूनच व्हतं. आत सत्यभामा भिंतीला टेकून बसली, गितीला मांडीवर घेतलं. पोरीनं डोळे मिटले आन प्यायला लागली. पितानाच तिच्या पायाचा अंगठा हलत व्हता, तान्ह्यापनी हलायचा तसा. म्या हात लावून बघितलं. बाईच्या अंगात दूध हाय का न्हाई, ते मला अंधारात बी सांगता येतं. कोरडी ठक्क व्हती.

"आत्याबाई," सत्यभामा हळू आवाजात म्हनली, "दोन म्हयने झाले, आटलंय. तिला ठावं न्हाई."

ती रडली न्हाई, पाया बी पडली न्हाई. लाज सोडून सांगते, मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या मनात. आता पोरगी माजी!

भाईर आले आन म्हनलं, "दूध न्हाई."

मंग सगळं चटाचटा उरकलं. काडी मोडली. सत्यभामानं काळ्या मन्याची पोत काढून पारावर ठेवली. रामकिसननं गितीला उचलून माज्या हातात दिलं. सत्यभामा गाडीमागं वढ्यापत्तुर पळत आली. मी माघारी बघितलं न्हाई.

गितीनं असा हंबरडा फोडला म्हनता! गूळ दिला, थुंकली. भाकरीचा पापुद्रा दिला, फेकला. रडून रडून पोरगी काळीनिळी पडली. धर्मराज वरडला, "गप कर तिला, न्हाईतर दीन एक ठिवून!" म्या म्हनलं, "मला दे ठिवून, मेल्या!"

म्होरच्या झऱ्यावर त्यानं बैल पान्यावर नेले. मी बाभळीखाली बसले. उनं तापलेली. पोरगी हुंदके देता देता माज्या चोळीशी झटाया लागली. म्या चोळीची गाठ सोडली. काय व्हतं तिथं? वाळलेली कातडी. गेलेल्या लेकीचं दूध तुटून बी बारा-तेरा वर्सं झालेली. तरी तिनं पकडलं आन गप झाली. श्वास खाली बसला. अंगठा हलाया लागला. मला वाटलं, झालं, निभलं.

तेवढ्यात तिनं डोळे उघडून वर बघितलं. तोंड आईचं नव्हतं.

सोडलंच तिनं. रडली बी न्हाई. ओठ घट्ट मिटून मान फिरवून बसली, म्हाताऱ्या मानसासारखी. पंचांनी इचारलं व्हतं, अंगावर पिती का. म्या सांगितलं, दूध न्हाई. अगं भवाने, पीत व्हती की ती! तुज्या डोळ्यांदेखत पीत व्हती! पर हे पारावरच्या बापयांना सांगून कळनार व्हतं व्हय? त्यांना दूध हाय का न्हाई, एवढंच कळतं.

पोरीला खांद्यावर टाकलं आन धर्मराजला हाक बी न मारता माघारी निघाले. पायात चप्पल व्हती का न्हाई ते बी आठवत न्हाई.

पंच जेवाया बसले व्हते. मी पंगतीत मधोमध जाऊन उभी ऱ्हायले. "पाटील, मी खोटं बोलले. दूध हाय सत्यभामाला. नातीच्या लोभापायी खोटं सांगितलं."

मुंजाजीचा घास हातातच ऱ्हायला. "पंचांम्होरं खोटं बोललीस?"

"व्हय."

त्यानं घास ताटात ठिवला आन म्हनला, "पोरगी आईजवळ ऱ्हाईल. आन आजपासून तुजा हात कुन्या बाळंतिनीला लागायचा न्हाई. गावोगाव सांगावा धाडतो."

"धाडा," म्या म्हनलं.

मागनं धर्मराज धापा टाकत आला. त्यानं सगळं ऐकलं. "घरी यायचं काम न्हाई," एवढंच म्हनून तो गाडीकडं गेला.

सत्यभामा पळत भाईर आली. गितीनं झेपच घेतली तिच्याकडं. तिला पोटाशी धरून सत्यभामा माज्याकडं बघत ऱ्हायली. डोळे भरले तिचे. मंग पंचांकडं वळली आन तोंड उघडलं, "पाटील, मघाशी आत्याबाई खोटं बोलल्या न्हाई—"

म्या तिचा दंड असा दाबला, कळ मस्तकात गेली आसंल.

"गप," म्या म्हनलं. "आत जा आन पोरीला पाज."