पाइपाची उचकी

ठरलं होतं ते असं: थंडीच्या सुट्टीत मी दोन्ही पोरांना घेऊन शहरात भावोजींकडे जायचं, सुट्टी मजेत घालवायची, आणि पोरं तिथे रमली तर त्यांना तिथेच ठेवून मी एकटीने परत यायचं. नाही रमली तर तिघांनी. फोनवर भावोजी हे इतक्या हळू आवाजात बोलले की मला भांडताही आलं नाही. भांडायचं तर समोरच्याने निदान एक तरी वाकडा शब्द बोलावा लागतो.

पोरं माझ्या ताईची. ताई गेली तेव्हा थोरली पाच वर्षांची होती आणि धाकटा जेमतेम दोनचा. भावोजी शहरातल्या इमारतींचं हीटिंग दुरुस्त करतात. थंडी पडली की त्यांना दोन घास खायला उसंत नसते. मग पोरं कोण बघणार? मी. माझं लग्न झालेलं नव्हतं, घराच्या पुढच्या खोलीत मी लोकांचे कपडे कमी-जास्त करून देत होते, आणि शिलाई मशीनच्या पायाशी दोन पोरं सहज मावत होती. ताईला पोचवून आल्यावर एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "माय मरो पण मावशी जगो." तिने ते कौतुकाने म्हटलं. मला तिच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं. माझी ताई मरायला नको होती, आणि मला कोणाच्या म्हणीत जगायचं नव्हतं.

थोरलीला आम्ही आजीबाई म्हणतो, कारण ती बोलतेच तशी. धाकटा ढब्बू; त्याचं कारण त्याला पाहिलं की कळतं. घरात नियम एकच होता: गिऱ्हाईक असलं की मध्ये बोलायचं नाही. ढब्बू बोलायला शिकला तो हळू आवाजात, मशीनखालून माझा पाय ओढत, "मावशी, गिऱ्हाईक गेलं?"

गेल्या उन्हाळ्यात भावोजींनी दुसरं लग्न केलं. आता त्यांच्या घरात पोरांना बघायला माणूस होतं. त्यांच्या म्हणण्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि मी ती पुष्कळ शोधली होती.

शहरात उतरलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग होते. भावोजींनी सुट्टीपुरती रजा काढली होती आणि ते स्टेशनवर आले होते. त्यांनी ढब्बूला उचलायला हात पुढे केले आणि ढब्बू माझ्या कोटाच्या मागे गेला. भावोजींनी ते हात तसेच वळवून बॅगा उचलल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

घर चौथ्या मजल्यावर. त्यांची नवी बायको दातांच्या दवाखान्यात रोग्यांना वेळा देण्याचं काम करते. नात्याने मी तिला ताई म्हणायला हवं होतं, पण माझी जीभ वळेना; मनातल्या मनात मी तिचं नाव 'दातवाल्या बाई' ठेवून टाकलं. सावत्र आई म्हटल्यावर काहीतरी खोट सापडेल असा माझा हिशेब होता. तिने पोरांसाठी लोकरीचे मोजे आणून ठेवले होते, बरोबर मापाचे. आल्या आल्या पोरांना मिठ्या मारल्या नाहीत, लाडाने गालगुच्चे घेतले नाहीत, फक्त मला बाजूला घेऊन विचारलं, "धाकट्याला झोपताना दिवा लागतो का?" असल्या बाईचं करायचं तरी काय?

खोटच म्हणाल तर ती त्या घराच्या पाइपात होती. बसायच्या खोलीत खिडकीखाली खोली गरम करणारा लोखंडी रेडिएटर आणि कोपऱ्यात जमिनीतून वर छतात गेलेला एक जाड पाइप. दुपारी चारला, बाहेर अंधारून येत असताना, तळघरातला बॉयलर चालू झाला आणि पाइप वाजू लागला. टक. टक. टक. मग मोठ्याने, भिंतीत कोणी अडकून पडलंय आणि आतून ठोकतंय तसा. ढब्बू टेबलाखाली शिरला आणि असा किंचाळला की मी चहाचा कप टाकून धावले.

"अरे, ते गरम पाणी आहे," भावोजी गुडघ्यांवर बसून त्याला समजावू लागले. "थंड पाइपात गरम पाणी शिरलं की लोखंड फुगतं. फुगलं की घासतं, घासलं की वाजतं." त्यांनी शहाण्या माणसाला सांगावं तसं सगळं नीट सांगितलं. ढब्बू आणखी जोराने रडला. लोखंड फुगतं हे ऐकून मीच थोडी घाबरले होते, तो तर चार वर्षांचा.

"अख्ख्या शहराचे पाइप दुरुस्त करता," दातवाल्या बाई त्यांना म्हणाल्या, "आणि आपलाच वाजतो."

"दिव्याखाली अंधार," मी म्हटलं. भावोजी हसले. ते माझ्या बोलण्यावर पहिल्यापासून हसतात. ताई चिडायची.

पुढचे दिवस खरोखर मजेत गेले, आणि तेच माझं दुखणं होतं. असली सुट्टी मी जन्मात घेतली नव्हती. ट्रॅममध्ये आजीबाई सगळ्यात पुढे ड्रायव्हरच्या पाठीशी उभी राहायची आणि आम्हाला वळणं सांगायची. दुकानांच्या खिडक्यांत दिवे, आपोआप मान हलवणारी अस्वलं, हातात गरम चॉकलेटचे कागदी पेले. चौकातल्या तळ्यावर बर्फ घट्ट झाला होता आणि त्यावर लोक स्केट बांधून गोल गोल फिरत होते. भावोजींनी आजीबाईला दोन्ही हात धरून उलटं चालत चालत शिकवलं, आणि थोड्या वेळाने एक हात सोडला, मग दुसरा. ती एकटी थोडी पुढे गेली आणि मागे वळून ओरडली, "बाबा, बघितलं?" मला नाही विचारलं. मी तिच्या बाबांच्या शेजारीच उभी होते.

मग हट्टाने मीही स्केट बांधले आणि दुसऱ्या पावलाला जी आपटले ती थेट एका पोलिसाच्या पायांशी. पोरं पोट धरून हसली. दातवाल्या बाईंनी मला बगलेत हात घालून उठवलं आणि पाठीवरचा बर्फ झटकला. मीही हसत होते. हसता हसता मनात येत होतं की हे पोरांचं प्रत्येक हसू माझ्या विरुद्ध मोजलं जातंय. माणसाने सुट्टीत हसावं की रडावं तेही कळू नये, म्हणजे काय अवस्था म्हणायची?

माझ्या बाजूला एकच गोष्ट उरली होती, तो पाइप. दुपार कलायला लागली की ढब्बू गप्प व्हायचा. तळ्यावर ढकलगाडीत बसलेला असला तरी माझी बाही ओढायचा, "मावशी, आपल्या घरी जाऊ. आपल्या घरी." आपलं घर म्हणजे कुठलं, ते भावोजींना कळत होतं. एकदा रात्रीचं जेवण त्याने ताटाला हात न लावता परत दिलं. भावोजींनी पाइपाला फडकी गुंडाळून पाहिली, वर चढून पट्ट्या सैल केल्या. आवाज थोडा बदलला एवढंच. आता तो जास्त जवळून यायचा.

सुट्टी संपायच्या आदल्या दुपारी मी स्वयंपाकघरात बश्या पुसत होते. भावोजी आत आले आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले.

"थोरली राहील," ते म्हणाले. "पण ढब्बूला नाही झेपत. आणि भावंडांची ताटातूट नको. तू घेऊन जा दोघांना."

मी पुसलेलीच बशी पुन्हा पुसायला घेतली. बोलले असते तर आवाजातला आनंद त्यांना ऐकू गेला असता.

"मी उन्हाळ्यात येत जाईन भेटायला," ते म्हणाले, आणि खिडकीच्या काचेवरची वाफ हाताने पुसली. ती पुसायची काही गरज नव्हती. मग खांदे हलताना दिसले तेव्हा मी बशीकडे बघायला लागले. ताईला पोचवताना हा माणूस रडला नव्हता.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत टक टक सुरू झालं, आणि ढब्बूची किंकाळी.

आता मी काय करायला हवं होतं? त्याला उचलून घ्यायचं, पाठ थोपटायची, "उद्या जाऊ हं आपल्या घरी" म्हणायचं. तोंडाशी आलेला घास होता. पण टेबलाखाली तो गुडघ्यात डोकं घालून थरथरत होता, पॅन्ट ओली झाली होती, आणि असं पोर समोर असताना पुढचं-मागचं बघायची अक्कल मला देवाने दिलेली नाही. माझ्या हातात चमचा होता. मी तशीच टेबलाखाली शिरले.

"ढब्बू, अरे, त्याला उचकी लागली आहे."

तो हुंदके देता देता थांबला. "कोणाला?"

"पाइपाला. दिवसभर तहानलेला असतो बिचारा. चारला गरम पाणी मिळालं की घटाघटा पितो. घाईघाईने पाणी प्यायलं की तुला काय होतं?"

"उचकी."

"मग?"

टक, टक, पाइप म्हणाला. मी टेबलाखालून हात लांब करून चमच्याने पाइपावर दोनदा वाजवलं. "सावकाश पी रे बाबा." पाइप क्षणभर थांबला. योगायोगच, पण थांबला. मग टक. ढब्बूने माझ्या हातातला चमचा घेतला, रांगत पुढे गेला आणि दुरूनच एक हलका ठोका दिला. टक, पाइप म्हणाला. ढब्बूने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या नाकाखाली सगळं ओघळलेलं होतं आणि तो हसत होता.

"कोणीतरी त्याची आठवण काढतंय," आजीबाई टेबलापाशी वाकून म्हणाली. "उचकी लागली की कोणीतरी आठवण काढत असतं."

संध्याकाळभर तो पाइपाशी गप्पा मारत बसला. पोटभर जेवला. दारात भावोजी उभे होते. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही चमच्याने.

दुसऱ्या दिवशी मी एकटीची बॅग भरली. दातवाल्या बाई मदतीला आल्या, तेव्हा मी त्यांना ढब्बूचा कोट दाखवला. "बाहीत आतून दोन बोटं कापड दुमडून ठेवलंय. पुढच्या थंडीत उसवून सोडा. खालच्या घेरातही आहे." त्यांनी बाही उलटी करून टाका बघितला आणि म्हणाल्या, "मला शिवता येत नाही. तुम्ही या ना तेव्हा." मी हो म्हटलं. ताई म्हणणार होते, पण त्यापेक्षा रडू आधी आलं असतं.

आजीबाईने मला समजूतदारपणे मिठी मारली, "जेवत जा वेळेवर" म्हणून सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ढब्बू दारापर्यंत आला. माझ्या कोटाचं बटण धरून उभा राहिला, ते सोडेना.

"मावशी, तू गेल्यावर पाइपाला उचकी कोण लावणार?"

"मी. मी तिकडे तुझी आठवण काढली की इकडे त्याला उचकी लागेल."

"रोज?"

"रोज."

"गिऱ्हाईक असलं तरी?"

"असलं तरी."

तेव्हा त्याने बटण सोडलं.

घरी आल्यावर मी खरोखर रोज चारला मशीन थांबवायची. आठवण काय, दिवसभरच यायची. पण चारला मुद्दाम काढायची, हातातलं काम मांडीवर ठेवून. फोनवर ढब्बू सांगायचा, "आज सहा वेळा काढलीस." एखाद्या रविवारी म्हणायचा, "आज फार काढलीस, बाबा टीव्ही बघत होते त्यांना ऐकू येईना." भावोजींनी पाइपाची दुरुस्ती काढली होती तर त्याने पाइपाला मिठी मारून त्यांना हात लावू दिला नाही म्हणे. मला ते ऐकून इतका आनंद झाला की लाज वाटली.

मग थंडी ओसरली. झाडांना पालवी आली. एका दुपारी आजीबाईचा फोन आला, दबक्या आवाजात.

"मावशी, मला माहीत आहे पाइपात तू नसतेस. मी त्याला सांगितलेलं नाही. पण आता हीटिंग बंद झालंय ना, पाइप वाजतच नाही. तो रोज चारला कान लावून बसतो."

आमच्याकडे शेगडी. गार वाटलं की पेटवायची, नाही वाटलं की राहू द्यायची. एवढ्या मोठ्या इमारतीची ऊब एके दिवशी बंद करून टाकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मागून ढब्बूचा आवाज आला आणि त्याने फोन घेतला. मला वाटलं, भांडेल, रडेल. त्याने मशीनखालून विचारायचा तसंच हळू विचारलं.

"मावशी, तुझ्याकडे चारला गिऱ्हाईक असतं का आता?"

"बाबांना दे," मी म्हटलं. भावोजींना सगळं सांगितलं: उचकी, आठवण, मी काय कबूल करून आले ते. "बघतो मी," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एक पॅन्ट आखूड करत होते. गिऱ्हाईक समोर बसून घाई करत होतं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, आणि त्या दिवशी चार कधी वाजून गेले ते मला कळलंच नाही. फोन वाजला.

"मावशी, आज काढलीस," ढब्बू धापा टाकत म्हणाला. "खालून, जोरात. खूप वेळ काढलीस."

मी टाचण्या हातावर काढून घेतल्या. त्याच्या मागून दातवाल्या बाईंचा आवाज येत होता, "अहो, तळघरातून आलात तसे हात नका लावू त्याला. आधी तेल धुवा. आणि तो पाना बाहेर ठेवा." मग पाणी वाहिल्याचा आवाज, मग ढब्बूला कोणीतरी उचलून घेतल्यासारखं त्याचं हसू.

"आज गिऱ्हाईक नव्हतं ना?" त्याने विचारलं.

समोरचं गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत होतं.

"नाही रे," मी म्हटलं. "आज माझ्याकडे कोणीच नव्हतं."