खालची कवळी

थोरलीनं आईची खालची कवळी उलटी केली, डाव्या हातात घट्ट धरली आणि आतल्या बाजूला कोरणीसारखा फिरणारा बर टेकवला. गुलाबी भुगा उडून तिच्या चष्म्यावर बसला. हिरडीवर टेकणाऱ्या भागात मटारच्या दाण्याएवढे दोन खड्डे करायचे होते, एक उजवीकडे, एक डावीकडे. ही कवळी तिनंच केली होती, अकरा वर्षांपूर्वी. मेणात एकेक दात बसवताना तीन रविवार गेले होते. आणि आता तीच कवळी ती पोखरत होती, धाकटीच्या इम्प्लांटना जागा करून द्यायला.

आई खुर्चीत मान टेकून बसली होती. खालचे दात नसल्यामुळे हनुवटी वर आली होती. नेहमीप्रमाणे केस चापून विंचरलेले, हात मांडीवर. अजून किती वेळ लागेल, असं तिनं बोळक्या आवाजात विचारलं. "थोडाच," थोरली म्हणाली आणि मान वर न करता पोखरत राहिली.

दोघी बहिणी दातांच्याच डॉक्टर. थोरली बावीस वर्षं याच दवाखान्यात कवळ्या आणि कॅपा करत आलेली. धाकटी नऊ वर्षांनी लहान. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवायचं शिकून, त्यात हात चांगला तयार करून ती मागच्या वर्षी परत आली, आईकडे राहू लागली आणि दवाखान्यातल्या शेजारच्या खोलीत तिची खुर्ची लागली. त्या खोलीचा रंग थोरलीनंच निवडला होता, दारावरची पाटीही तिनंच करून आणली होती. तोवर सगळं ठीक चाललं होतं.

मग एका दुपारी डबा खाताना धाकटी सहज म्हणाली, आईची खालची कवळी फार हलते, तुला माहीत असेलच.

थोरलीला माहीत नव्हतं. आई जेवताना कवळी काढून रुमालात गुंडाळते, दाणे कुटून खाते, फोनवर बोलताना कवळी जिभेनं दाबून धरते, हे सगळं आईनं धाकटीला पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं. थोरली घरी यायची तेव्हा कवळी तोंडात असायची आणि रुमाल कपाटात. दात गेले की हाड झिजत जातं आणि खालची कवळी सैल होते, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. दोनदा तिनं कवळीचं अस्तर बदललं होतं. दोन्ही वेळा आई म्हणाली होती, आता अगदी घट्ट बसली, तू काळजी करू नकोस.

अकरा वर्षं. तिनं डब्याला झाकण लावलं आणि एवढंच म्हणाली, "मग बसव की तुझे इम्प्लांट."

धाकटीनं दोन बसवले. थोरली दारात उभी राहून बघत होती. हिरडीला छोटासा छेद, हाडात पाण्याच्या धारेखाली हळूहळू मोठं होत गेलेलं भोक, मग तो स्क्रू किल्लीनं फिरत फिरत आत गेला आणि जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. टाके इतके बारीक, की कपड्याला असते तर शिवण शोधावी लागली असती. काही चुकलंय का, हे बघायला ती उभी होती. तसं काही सापडलं नाही, तेव्हा ती आपल्या खोलीत जाऊन कुणाचं तरी माप घेऊ लागली.

नंतर तीन महिने हाड त्या स्क्रूंना धरून घेत होतं आणि आई सगळ्या जगाला सांगत होती. मावशीला फोनवर, खालच्या मजल्यावरच्या बाईंना जिन्यात, भाजीवाल्याला. धाकटीचा हात कसा हलका, इंजेक्शन दिलेलं कळलंसुद्धा नाही. ते ऐकलं की थोरली दुसराच विषय काढायची. एकदा धाकटी गावाला गेली असताना तिनं वरचे दात साफ करून देते म्हणून आईला बोलावलं आणि आरशाच्या दांड्यानं खालच्या एका इम्प्लांटवर हलकेच ठोकलं. सैल असता तर बद्द आवाज आला असता. खणखणीत आवाज आला. दुसऱ्याचाही तसाच. तिनं फाइलमध्ये 'उत्तम' असं लिहिलं आणि संध्याकाळभर नवऱ्याशी धड बोलली नाही.

आता शेवटचं काम उरलं होतं. "कवळी तुझी आहे ताई, पुढचं तू कर," असं धाकटी म्हणाली होती. काम तसं सोपं होतं. इम्प्लांटच्या डोक्यावर आधी एक पातळ रबरी चकती चढवायची, तिच्यावर धातूची टोपी बसवायची, कवळीतल्या खड्ड्यांत ओलं ॲक्रिलिक भरायचं आणि कवळी तोंडात दाबून आईला दात मिटायला सांगायचं. पाच मिनिटांत ॲक्रिलिक घट्ट होतं, टोप्या कवळीत पक्क्या बसतात आणि मग कवळी टिचबटणासारखी लागते नि निघते. चकती मात्र विसरायची नाही. ती नसेल तर ओलं ॲक्रिलिक इम्प्लांटच्या डोक्याखालच्या खाचेत शिरतं आणि तिथंच दगड होतं. धाकटीनं हे दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी थोरली म्हणाली होती, "मला शिकवू नकोस."

मध्ये कुणी नको म्हणून मदतनीस बाईंना तिनं मुद्दामच सुट्टी दिली होती. उजवीकडची चकती आणि टोपी बसली. डावीकडची चकती तिच्या चिमट्यात होती.

"धाकटी नाही का आज?" आईनं विचारलं. "तिचा हात हलका आहे गं."

थोरलीनं चकती ट्रेमध्ये ठेवली, आईच्या तोंडातली लाळ टिपली, पुन्हा एकदा टिपली, टोपी उचलली आणि बसवली. मग ॲक्रिलिक कालवलं. आईला दात मिटायला सांगून ती घड्याळाकडे बघत राहिली. खोलीत ॲक्रिलिकचा उग्र वास पसरला होता.

पाच मिनिटांनी तिनं कवळीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावले. उजवी बाजू टक् करून सुटली. डावी सुटली नाही. तिनं जरा जोर लावला. आईची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली गेली, पण तोंडातून आवाज आला नाही. थोरलीची नजर ट्रेवर गेली. कापसाच्या बोळ्याशेजारी रबरी चकती पडली होती.

ती स्टुलावर बसली. मग उठून शेजारच्या दाराशी गेली.

"जरा येतेस?"

धाकटी आली. तिनं आईच्या तोंडात बघितलं, मग ट्रेकडे बघितलं आणि हातमोजा घालता घालता एका बोटानं ती चकती कापसाखाली सरकवली.

"आई, चकत्यांचं पाकीट ताईला द्यायचं मी विसरले," ती म्हणाली. "त्यामुळं कवळी अडकलीय. घाबरू नकोस, कापून काढू."

आईनं मान हलवली. आजवर थोरलीला बहिणीचा जितका हेवा वाटला होता तो सगळा एकीकडे, आणि चकती कापसाखाली सरकवणारं ते बोट एकीकडे. चुकतानासुद्धा आपल्याला हिच्याच मोठेपणाखाली उभं राहायचंय, असं तिला झालं. चकती बाहेर काढून दाखवावी, माझंच चुकलं म्हणावं. तेवढंही तिच्यानं झालं नाही.

"कोण कापणार?" धाकटीनं हळूच विचारलं.

"मी."

पाऊण तास लागला. धाकटीनं आरशानं जीभ बाजूला धरली, दुसऱ्या हातातल्या नळीनं पाणी ओढून घेत राहिली. थोरली आपलीच कवळी रेषेरेषेनं चिरत गेली. ज्या दाढेची ठेवण जमवायला तिला एक अख्खा रविवार लागला होता, ती दाढ सुटून आईच्या रुमालावर पडली. कवळी तीन तुकड्यांत निघाली. डावा इम्प्लांट जागच्या जागी होता, चकाकत.

आईनं चूळ भरली. "झालं?" तिनं विचारलं आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

ती गेल्यावर दोघी बेसिनपाशी हात धूत होत्या. थोरली म्हणाली, "तू दोनदा सांगितलं होतंस."

"हो."

"मग खोटं कशाला बोललीस?"

धाकटीनं पुन्हा बोटांना साबण लावला. "तुझ्याकडे यायचं असलं की आई सकाळपासून तयारी करते," ती म्हणाली. "केस विंचरते, चांगली साडी काढते. माझ्यासमोर कशीही बसते. दात काढून बसते. काय वाट्टेल ते सांगते. मला काय वाटेल, याचा विचार तिनं आयुष्यात केला नाही." मग ती हसली, पण नीट हसू आलं नाही. "तुझ्यासाठी अकरा वर्षं हलती कवळी तोंडात धरून बसली."

थोरली हात पुसायचे विसरून उभी राहिली. बहिणीच्या आवाजातली ती धार तिला चांगली ओळखीची होती. फक्त ती आजवर दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकली नव्हती.

नवी कवळी करायला पाच आठवडे लागले. माप, चाव्याची नोंद, मग मेणातले दात. या वेळी टोप्या बसवताना धाकटी शेजारी उभी होती आणि चकत्या थोरलीनं मोठ्यानं मोजल्या, "एक, दोन." कवळी टक् करून बसली, टक् करून निघाली.

त्याआधी, मेणातले दात तोंडात बसवून बघायच्या दिवशी, थोरलीनं आईला विचारलंच.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू परत केली असतीस," आई म्हणाली.

"मग काय झालं?"

"तेच. परत केली असतीस. मग पुन्हा परत. आणि दर वेळी मी काय म्हणते म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस. लहानपणी निकाल आणायचीस ना, तशी." आईनं ओठांवरचं मेण रुमालानं पुसलं. "माझ्यानं नसतं बघवलं."

थोरलीनं फाइल उघडली आणि पुढची तारीख लिहिली.

नवी कवळी दिल्याच्या चौथ्या दिवशी आई पुन्हा आली. वेळ घेतलेली नव्हती. केस वाऱ्यानं विस्कटलेले, साडी घरातलीच. बाहेर दोन पेशंट बसले होते, त्यांच्यापुढून ती सरळ आत आली आणि खुर्चीत चढून बसली.

"टोचतंय," ती म्हणाली.

"कुठं?"

"इथं. डावीकडे. खाताना टोचतं, बोलताना टोचतं. नीट कर बाई, मला सहन होत नाही."

थोरलीनं कवळी काढली, आतून पांढरी पेस्ट लावली आणि पुन्हा बसवून आईला जोरात चावायला सांगितलं. जिथं टोचतं, तिथली पेस्ट दाबून पुसली जाते आणि गुलाबी डाग उघडा पडतो. तिनं कवळी काढून उजेडात धरली. पेस्ट सगळीकडे सारखी होती. डाग कुठंच नव्हता. तिनं आईच्या डावीकडच्या हिरडीवरून बोट फिरवलं. ना लाली, ना व्रण.

आई डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून वाट बघत होती.

तेवढ्यात धाकटीनं दारातून डोकावलं. "आई? तू इथं कशी?"

"टोचतंय म्हणते," थोरली म्हणाली.

"टोचतंय?" धाकटी आत आली. "सकाळीच तर मी विचारलं होतं. मला म्हणाली, काही त्रास नाही, कळतसुद्धा नाही तोंडात आहे ते."

आईनं डोळे उघडले नाहीत. थोरलीनं कवळीवरची पेस्ट पुसली, सगळ्यात बारीक बर हातातल्या यंत्राला लावला आणि दिवा आपल्याकडे ओढून घेतला.

"तुझे पेशंट थांबलेत," ती धाकटीला म्हणाली. मग आईकडे वळली. "अजून कुठं कुठं टोचतंय, ते सगळं सांग मला."