फळ्यावरचं दुसरं नाव

ओल्या फडक्यानं नुकत्याच पुसलेल्या फळ्याला एक वास असतो, थंड आणि किंचित मातकट. आश्विनातल्या एखाद्या सकाळी तो नाकाशी आला की माझी थोरली बहीण, सरूअक्का, डोळ्यांपुढे उभी राहते. म्हैसूरच्या आमच्या मोहल्ल्यातल्या संगीतसभेच्या दाराशी, पदर खोचून, टाचा उंचावून ती दर शुक्रवारी फळा लिही, आणि कोवळं ऊन खडूबरोबर तिच्या मनगटावरून सरकत जाई. येत्या आठवड्यात कोण गाणार, कुठलं नाटक, कोणाचं नृत्य, सारं वळणदार कन्नडमध्ये; आणि खाली आमच्या चार मराठी घरांसाठी हट्टानं एक ओळ मराठीत. पेशानं शिक्षिका, त्यामुळे अख्खा मोहल्ला तिला आपला वर्गच वाटायचा.

तिचा एक नियम होता. कलावंताच्या घरी जाऊन नारळ आणि पानसुपारीचं ताट पुढे करायचं. ते स्वीकारलं गेलं म्हणजे होकार, मगच नाव फळ्यावर. लिहिलेलं नाव कार्यक्रम होईपर्यंत ती पुसत नसे. एकदाच पुसावं लागलं होतं. रामय्या आणि वेंकटय्या हे सख्खे भाऊ जोडीनं वीणा वाजवत. एक ओळ थोरल्याची, तिला उत्तर देणारी दुसरी धाकट्याची. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी धाकटे वेंकटय्या गेले, आणि अक्कानं रडत रडत दोन्ही नावं पुसली. त्यानंतर रामय्यांनी वीणेवरची खोळ काढली नाही. पुढच्या दसऱ्याला अक्का ताट घेऊन गेली, ते तसंच परत आलं.

त्याच्या पुढच्या वर्षी, नवरात्रातल्या शुक्रवारी, ती पुन्हा गेली. रामय्या देवळात गेले होते. त्यांच्या पत्नी कमलम्मांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं. अक्का तिथून निघाली ती जणू उडतच, आणि शनिवार संध्याकाळच्या रकान्यात तिनं रामय्यांचं नाव लिहिलं. नवरात्रातल्या शुक्रवारी बायका एकमेकींना हळदकुंकू नि पानसुपारी देतातच, हे म्हैसुरात जन्म काढलेल्या बाईला सुचू नये! पण आनंदापुढे अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

दुपारी कमलम्मा धापा टाकत आमच्या दारात. “अक्का, हे काय लिहिलंत? मी शुक्रवारचं कुंकू म्हणून घेतलं हो. त्यांना तर काहीच ठाऊक नाही!”

“अय्यो, काय केलं रे मी हे!” अक्का माझ्याकडे बघून म्हणाली आणि मटकन खाली बसली. एव्हाना बातमी घराघरांत पोचली होती. नाव पुसावं, तर त्याच माणसाचं नाव दुसऱ्यांदा पुसायचं. ठेवावं, तर त्याचं दुःख चव्हाट्यावर मांडायचं. मला तिची फार दया आली, आणि रागही आला.

चारच्या सुमाराला आम्ही दोघं रामय्यांकडे गेलो. ओसरीवर ते बसले होते. उतरत्या उन्हात त्यांची बोटं मांडीवर स्थिर होती, आणि ती स्थिरताच मला असह्य वाटत होती. अक्कानं हात जोडले. “माझी चूक झाली. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसते.”

ते कन्नडमध्ये, हळू आवाजात म्हणाले, “मघाशी फळा बघून आलो. माझं एकट्याचं नाव कुणा परक्याचं वाटलं. पुसू नका. खाली वेंकटाचंही लिहा.”

“रामय्या, लोक काय म्हणतील?”

“लिहा, अक्का.”

तिनं लिहिलं. जन्मात पहिल्यांदा तिची ओळ वाकडी गेली.

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मृदंग लावून झाला, वेळ उलटली, तरी रामय्यांचा पत्ता नाही. अक्का दाराकडे डोळे लावून पदराचं टोक पिळत होती. अखेर ते आले. बैठकीच्या अर्ध्याच भागावर बसले, अर्धी रिकामी ठेवली. पहिली ओळ वाजवली आणि थांबले. मृदंगही थबकला. विसरले की काय, असं मला वाटलं. पण त्यांची बोटं गुडघ्यावर ताल मोजत होती. वेंकटय्यांच्या ओळीचा पुरा काळ त्या नीरवतेत सरला, आणि तिचं उत्तर ऐकल्यासारखी त्यांनी पुढची ओळ धरली. तिसऱ्या खेपेला त्या निःशब्द आवर्तनात सारी सभा ताल धरू लागली. अक्का उघड उघड रडत होती, आणि तिचाही हात चालू होता.

अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काळ गेलेलं माणूस परत देत नाही. तो फक्त त्याच्या ओळीएवढी जागा मोकळी ठेवतो, आणि ती घाईनं न भरता ताल धरून बसणं, एवढंच मागे राहिलेल्यांच्या हाती असतं.