शनिवारची सायकल

राहात्यात माझं सायकलचं दुकान आहे. आम्ही रविवारी चर्चला जातो, म्हणून रविवारी दुकान बंद. अठरा वर्षांत हे सगळ्या गावाला पाठ झालंय.

एका शनिवारी दुपारी वस्तीवरचे आप्पासाहेब लेकीला घेऊन आले. विजयमालाला चितळीच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती. घरापासून नऊ मैल. सोमवारी सकाळी हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला. तिच्या मामानं गुरुवारीच पैसे भरून लेडीज सायकल ठरवून ठेवली होती. आप्पासाहेबांनी ती फक्त घरी न्यायची होती.

त्यांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली. "लोखंडी हाय व्हय?"

"पोलादी. मेणाच्या सायकली मी ठेवत नाही."

"आज शनवार. मला साडेसाती चाललीय. लोखंड उंबऱ्याच्या आत न्यायचं न्हाई. उद्या येतो."

"उद्या दुकान बंद."

"मग ऱ्हायलं," ते म्हणाले. एवढा समाधानी माणूस मी त्या सालात दुसरा पाहिला नाही.

माझं डोकं सणकलं. शनीशी माझं काही वाकडं नाही, पण हा गृहस्थ वार बघूनच आला होता. मी आतून मिशनच्या मडमेची सायकल काढली. मायदेशी जाताना ती विकायला ठेवून गेली होती. फ्रेम ॲल्युमिनियमची, म्हणजे आमच्याकडं भांडी असतात त्या जर्मनची. मी ती एका हातानं उचलून दाखवली. फ्रेमला लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. विजयमालाचा चेहरा फुलला.

आप्पासाहेबांनी चुंबक माझ्या हातातून घेतलं आणि साखळीला लावलं. "चिकटलं." आऱ्यांना लावलं. "हितं बी. आन् ही मोडली तर?"

दोन वर्षं ती सायकल माझी जागा अडवून बसली होती. खोटं बोलायला हरकत नव्हती. पण मी म्हणालो, "पोलाद आधी वाकतं, ते दिसतं. तुटलंच तर पितळेचा डाग देऊन मी सांधतो. ही न सांगता तुटेल, आणि मला सांधता येणार नाही. चितळीचा रस्ता तुम्हाला माहीत आहे."

"मग ऱ्हायलंच की."

विजयमाला म्हणाली, "शांतवनभाऊ, पोलादीत हवा भरा. आप्पा, लोखंड घरात न्यायचं न्हाई ना? न्हाई नेत. मी हितनंच चितळीला जाते. हेडबाईंकडं खोली हाय, तिथंच ऱ्हाते. आईला म्हनावं, कपडे पाठव."

मी हवा भरू लागलो.

आप्पासाहेबांनी चुंबक बाकावर ठेवलं. "सोमवारी घरनं गेली असतीस तर रोज सांजच्याला घरी आली असतीस."

"व्हय."

त्यांनी घाईघाईनं मडमेची सायकल पुढं ओढली. "मग ही घे. जर्मनची हाय. साखळीचं काय, चालतंय तेवढं. घरी चल."

"ती मोडती, आप्पा."

हे तिला मीच शिकवलं होतं. खरं बोलल्याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं.

तिनं पायडलवर पाय ठेवला. बापानं मागून कॅरिअर धरलं होतं.

"परत कधी येशील?"

"रविवारी."

"शनवारी शाळा अर्धीच असती न्हवं?"

"व्हय."

"मग शनवारीच ये," ते म्हणाले. "सायकलीवर ये." आणि त्यांनी कॅरिअर सोडलं.